कच्च्या संत्र्याच्या रंगाची अॅम्बेसेडर

दाराची आतली कड, डिकीच्या झाकणाची खालची बाजू, बॉनेटच्या पोटातला पत्रा. जी जागा कोणाच्या नजरेसच पडत नाही, तिथूनच दादा गाडी रंगवायला का सुरुवात करायचा?

हे मी सगळ्यांना विचारलं. दादालाच विचारलं, तर तो म्हणाला, "ब्रश दे तो." वानखेडे सरांना विचारलं. ते म्हणाले, "त्याची पद्धत त्याला माहीत." बंडूभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "तुले काऊन पाह्यजे?" वहिनी नुसती हसली. आता दादा नाही. प्रश्न आहे तिथेच आहे.

रंगाच्या कामात वाट पाहणं फार. एक हात मारला की तो वाळेपर्यंत करायला काही उरत नाही. चार माणसं खाली बसली की बोलतात, आणि बोलली की भांडतात. नालवाडीत आमच्या घरामागे मोकळा प्लॉट आहे, त्यावर टिनाचं एक शेड. दर रविवारी तिथे जुन्या गाड्या रंगायच्या. गाड्या कमी रंगल्या, किस्से जास्त झाले. मी नववीतच शाळा सोडली, टेम्पो चालवतो, लिहायची मला सवय नाही. पण सध्या घरात शांत बसवत नाही, म्हणून जसं बोलतो तसं लिहितोय.

*

आधी वानखेडे सर. गणिताचे मास्तर, रिटायर झाले, पिपरी मेघेला राहतात. त्यांच्याकडे जुनी पद्मिनी गाडी आहे, आभाळी रंगाची. सरांचं जगात एकच मत: गाडी कारखान्यातून ज्या रंगात निघाली त्याच रंगात राहिली पाहिजे. स्वतःच्या मनाने रंग देणं म्हणजे दुसऱ्याच्या वहीत आपलं गणित सोडवणं.

एका रविवारी सरांना शंका आली की हा आभाळी रंग ओरिजिनल नाही. त्यांनी दाराखाली एका कोपऱ्यात पॉलिश पेपरने घासलं. खाली क्रीम कलर निघाला. सर खूश. म्हणाले, "पाहा, हा खरा."

बंडूभाऊंनी तिथेच नखाने थोडं खरवडलं. क्रीमच्या खाली हिरवा.

पुढच्या रविवारी सर चटई घेऊनच आले आणि दाराला टेकून बसले. हिरव्याखाली मरून. मरूनखाली पुन्हा एक क्रीम, पण वेगळा. दादा म्हणाला, "सर, थांबा आता." सर म्हणाले, "सत्य अर्ध्यावर सोडता येत नाही." घासत गेले, घासत गेले, आणि शेवटी आतला पत्रा चकाकला.

बंडूभाऊ वाकले, नीट पाहिलं आणि म्हणाले, "सर, सापडला तुमचा ओरिजिनल. लोखंडी."

ती गाडी अजून तशीच आहे. सगळी आभाळी, आणि दाराखाली ताटाएवढं एक भोक असल्यासारखं रंगीत वर्तुळ. कोणी विचारलं तर सर म्हणतात, "अभ्यास चालू आहे."

*

बंडूभाऊंचं बरोबर उलटं. त्यांची शेती नालवाडीच्या पलीकडे, कपाशी आणि तूर. त्यांच्याकडे जुनी जीप. त्यांचं म्हणणं, गाडी आपली, पत्रा आपला, हात आपला, मग कारखान्याला विचारायचं कायले?

जीप नेव्ही ब्लू करायची ठरली. दादा म्हणाला, कंप्रेसर भाड्याने आणू. बंडूभाऊ म्हणाले, "कंप्रेसर कायले पाह्यजे? माह्या फवारणीच्या पंपातून औषध पानाच्या खालच्या बाजूले जाते. मंग रंग पत्र्यावर नाई जाईन?"

सर म्हणाले, "बंडू, औषध पाण्यासारखं असतं. रंग घट्ट असतो."

"पातळ करतो ना."

त्यांनी रंगात थिनर ओतून ओतून तो सरबतासारखा केला, पंप पाठीवर चढवला, तोंडाला दुपट्टा बांधला. जीप त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती. आम्ही तिघे लांब उभे. बंडूभाऊंनी दांडा हलवायला सुरुवात केली. डावा हात पंपावर, उजव्या हातात नळी, एकदा इकडे, एकदा तिकडे. इतकं सुंदर चाललं होतं की सरसुद्धा "वा" म्हणाले.

बॉनेट झालं. दार झालं. मागची बाजू झाली. बंडूभाऊ थांबलेच नाहीत. पुढे कपाशीची ओळ होती. वर्षानुवर्षांची सवय. पंप पाठीवर असला की त्यांचे पाय ओळ संपेपर्यंत थांबत नाहीत.

दादा ओरडला तेव्हा अर्धी ओळ निळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारचा शेतकरी धुऱ्यावर येऊन बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "बंडू, ही कोणती जात रे?"

"नवीन हाये."

"बियाणं कुठं भेटते?"

*

पोळ्याचंही तेच. आमच्याकडे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, झूल घालतात आणि तोरणाखाली ओळीने उभे करतात. बंडूभाऊंनी बैल कधीच विकले होते. शेतातलं सगळं काम ती जीपच करायची. ट्रॉली ओढायची, खत आणायची, एकदा तर तिने चिखलात फसलेला ट्रॅक्टर काढला. बंडूभाऊंनी एका वर्षी जीपच्या बंपरची दोन टोकं हिंगुळाने लाल केली, आरशांना गोंडे बांधले आणि गाडी तोरणाखाली नेऊन ओळीत लावली.

गावातले जुने लोक चिडले. "बंडू, बैलाच्या ओळीत गाडी?"

बंडूभाऊ म्हणाले, "काम कोणं केलं वर्षभर?"

सर तर तिथेच तत्त्वावर आले. म्हणाले, "काम केलं हे मान्य. पण शिंगं ओरिजिनल नाहीत."

त्यावर दोन्ही बाजूंचे लोक सरांवरच तुटून पडले. इतके की जीपचा विषय मागे पडला. दादाने हळूच जीपसमोर पुरणपोळीचं ताट ठेवलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि आम्ही घरी आलो. ते कुंकू बरेच दिवस टिकलं. बंडूभाऊ म्हणायचे, "माह्या रंगापेक्षा हेच पक्कं निघालं."

ह्या वर्षीच्या पोळ्याला जीप तोरणाकडे गेली नाही.

*

वहिनीचं सांगतो. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माहेर आष्टीचं. लग्न झालं तेव्हा दादाने नुकतीच हिंगणघाटहून एक जुनी अॅम्बेसेडर आणली होती. मूळची पांढरी, पण गंजाने आणि जुन्या दुरुस्तीने तिचा पार नकाशा झाला होता. दादा रविवारी तिच्यावर काम करायचा आणि बाकीच्या दिवशी त्याच गाडीवर वहिनीला ड्रायव्हिंग शिकवायचा. म्हणजे रविवारी बुजवलेले खड्डे सोमवारी पुन्हा पडायचे.

एकदा वहिनीने गाडी शेडच्या खांबाला लावली. खड्ड्यांत ताजी लावलेली पुट्टी सगळी उडाली. मला वाटलं, आता दादा काहीतरी बोलेल. तो खाली उतरला, खांब हलवून पाहिला आणि म्हणाला, "खांब सैल होता. बरं झालं, कळलं."

पुट्टी लावण्यावरून आमच्यात फार वाद होते. सर म्हणायचे पातळ थर, बंडूभाऊ म्हणायचे एकदाच जाड लेप. दादा म्हणायचा, पुट्टीची पत्री गाडीच्या वळणाने फिरली पाहिजे. कोणाचंच नीट जमत नव्हतं. वहिनी दुपारी आमचा तमाशा पाहत उभी होती. ती आत गेली आणि स्वयंपाकघरातून उलथणं घेऊन आली. मडगार्डच्या गोलाईवर एका हाताने असा लेप फिरवला की वरून बोट फिरवलं तर अडकत नव्हतं.

सर म्हणाले, "हे कुठे शिकलीस?"

"धिरडी, डोसे. रोज."

तेव्हापासून पुट्टीचं काम वहिनीचं. संध्याकाळी आई दारात आली. हातात ते उलथणं. वाळलेल्या पुट्टीने दगड झालेलं.

"मी पोळी ह्यानंच फिरवू का आता?" आई म्हणाली. "सांगा, म्हणजे तुमच्या पानातली पोळीही घासून घेजा पेपरनं."

*

आता रंगाचा मोठा किस्सा.

अॅम्बेसेडरला कोणता रंग द्यायचा यावर सर अर्थातच पांढऱ्याच्या बाजूने होते. बंडूभाऊ लाल म्हणत होते. दादा दिवाळीला सासुरवाडीला गेला आणि येताना वहिनीच्या वडिलांच्या बगीच्यातलं एक संत्रं घेऊन आला. वहिनीच्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. संत्रं पूर्ण हिरवंही नव्हतं आणि पिवळंही नव्हतं. हिरव्यातून रंग नुकताच फिरायला लागला होता, देठाकडे अजून कच्चा.

दादा म्हणाला, "हा."

सर म्हणाले, "हा म्हणजे कोणता? याला नाव काय?"

"नाव नाई. पण हाच. तिनंच दाखवला झाडावर."

वहिनी लाजून आत गेली. तेव्हा आम्हाला कळलं की रंग कोणी निवडला.

दादाने संत्रं टायरवर ठेवलं आणि समोर बसून डब्यात रंग मिसळायला लागला. हिरवा, पिवळा, थोडा तांबडा, परत हिरवा. संध्याकाळपर्यंत जमला. एका फळीवर लावून वाळवला, संत्र्याशेजारी धरला. सरांनीही मान्य केलं. सरांनी मान्य केलं म्हणजे काय ते तुमच्या लक्षात येणार नाही. आम्ही त्या आनंदात भजी खाल्ली.

पुढच्या रविवारी फळी आणि संत्रं शेजारी ठेवलं, तर रंग जुळेना. सर म्हणाले, "बंडू, तू डब्याचं झाकण उघडं ठेवलंस." बंडूभाऊ म्हणाले, "सर, थिनर तुम्ही टाकलं, मी पाह्यलं." दादाने गुपचूप थोडा पिवळा वाढवला. पुन्हा जुळला.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा वेगळा. आता भांडण हातघाईवर आलं. सर म्हणाले, दुकानदाराने माल बदलला. बंडूभाऊ म्हणाले, सरांचा चष्मा बदला. मी म्हटलं, मी आत्ता दुकानात जाऊन त्याची कॉलर धरतो. मी चप्पलही घातली होती.

वहिनी चहा घेऊन आली. ट्रे हातातच ठेवून थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सगळे रंग तपासून राह्यले. संत्रं तपासलं का कोणी?"

संत्रं पिकत होतं. आम्ही रोज थोड्या थोड्या पिकणाऱ्या संत्र्याच्या मागे धावत होतो.

सर म्हणाले, "सँपल स्थिर पाहिजे." तेवढंच बोलले. दादाने संत्रं सोललं, सगळ्यांच्या हातावर दोन दोन फोडी ठेवल्या.

"अरे, मंग रंग कशावरून बनवशीन?" बंडूभाऊंनी विचारलं.

"पहिल्या दिवशीचा डोक्यात आहे," दादा म्हणाला.

आणि त्याने खरंच डोक्यातून बनवला. कुठे लिहिला नाही, कोणाला मापं सांगितली नाहीत.

*

गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओत सांगावं लागतं. दादा नियमाचा माणूस, शाळेत क्लार्क होता. आम्ही चौघे गेलो. खिडकीतल्या बाबूने पेन उचलून विचारलं, "नवीन रंग?"

"संत्र्याचा," दादा म्हणाला.

"ऑरेंज."

"नाई. पिकायच्या आधीचा."

"मग ग्रीन."

"ग्रीनच्या थोडा पुढं गेलेला."

बाबूने पेन खाली ठेवलं. सर पुढे झाले, म्हणाले, "पीतहरित लिहा, बरोबर शब्द तोच." बंडूभाऊ मागून म्हणाले, "साहेब, सरांचं नका ऐकू. पहिले विचारा, संत्रं आंबिया बहाराचं हाये का मिरगाचं."

बाबूही बहुतेक संत्र्याच्याच भागातला असावा. कारण त्याने मान पुढे काढून हळूच विचारलं, "झाडाच्या उन्हाकडच्या बाजूचा, का सावलीकडचा?"

आता मागच्या रांगेतले लोकही बोलायला लागले. कोणी म्हणे उन्हाकडचा लवकर फिरतो, कोणी म्हणे पाण्यावर आहे. एका माणसाचं लायसन्स त्या दिवशी संपत होतं, तोही आपलं काम सोडून सावलीच्या बाजूने भांडत होता.

शेवटी बाबू म्हणाला, "असं करा, गाडी रंगवा अन् घेऊन या. मी डोळ्यानं पाहून लिहितो."

*

दादाने सुरुवात केली ती तुम्हाला सांगितली तशीच. आतून. दारांच्या कडा, डिकीचं पोट, बॉनेटखाली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आतलंच चाललं होतं. बाहेरून गाडी नुसती प्रायमरची, करडी. बंडूभाऊ चिडवायचे, "भाऊ, तुमची गाडी उलटी करून नेसावी लागते."

श्रावणात दादाला ताप आला. डेंगू निघाला. हॉस्पिटलमध्ये त्याने मला विचारलं, शेडची ताडपत्री बांधली का. मी म्हटलं, बांधली. त्याच्यानंतर आमचं नीट बोलणं झालं नाही.

मला अजून "दादा आहे" असंच तोंडात येतं. लिहितानाही तसंच आलं होतं, मग "होता" केलं.

तेरवीला अप्पा आले होते. वहिनीला आष्टीच्या शाळेत बदली मिळत होती, ती माहेरी राहायला जाणार होती. गाडी तिचीच, हे आईनेच सगळ्यांसमोर सांगितलं. जेवणं झाल्यावर अप्पा शेडमध्ये आले. दार उघडून आतली कड पाहिली, बंद केलं.

"गाडी देऊन राह्यले, चांगलं केलं," ते म्हणाले. "पण पांढरी करून द्या. असा रंग आता तिच्याजवळ बरा नाई दिसत."

बंडूभाऊ काहीतरी बोलणार होते, सरांनी त्यांचा हात धरला.

अप्पा म्हणाले, "गाव बोलते हो. मले बोललं तं चालते. तिले बोललेलं मले ऐकवत नाई."

मला त्यांचा राग आला होता, पण ह्या वाक्यावर तो अर्धा उतरला. ते गेल्यावर वहिनी शेडमध्ये आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"भाऊजी, मी ही गाडी चालवीन तं त्याच रंगाची चालवीन. नाई तं इथंच उभी राहू द्या."

*

आता बोला. दादाने केलेला रंग डब्याच्या बुडाशी उरला होता, गाडी राहू द्या, एक दार पुरं झालं नसतं. आणि माप कोणाला माहीत नाही.

मी डबा घेऊन दुकानात गेलो. त्यांच्याकडे रंग जुळवून देणारं कॉम्प्युटरचं मशीन आहे. त्याने जुळवून दिला. दुकानात अगदी तोच. प्लॉटवर उन्हात आणला तर वेगळाच. पुन्हा गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, मशीननं बरोबर दिलं, ऊन चुकीचं आहे." मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. सर माझ्यासोबत होते, त्यांनी मला ओढत बाहेर आणलं आणि मग स्वतःच परत आत जाऊन त्याला मशीनमधल्या प्रकाशाविषयी बराच वेळ ऐकवलं.

मग आम्ही हातानेच मिसळायला बसलो. मी, सर, बंडूभाऊ. प्रत्येकाचा वेगळा डबा. गंमत म्हणजे सर, जे आयुष्यभर ओरिजिनल ओरिजिनल करत आले, त्यांनी पांढऱ्याचं नावही काढलं नाही. मी विचारलं, "सर, ही तर मूळची पांढरी. तुमच्या हिशेबानं अप्पाच बरोबर."

सर डब्यात काडी फिरवत म्हणाले, "पिवळा दे इकडे."

आमच्या फळ्या उन्हात ओळीने मांडल्या. वहिनी आली, एकेकीसमोर थांबली.

"सरांचा थोडा आधीचा आहे. भाऊजींचा थोडा नंतरचा." बंडूभाऊंच्या फळीसमोर ती जास्त वेळ थांबली. "हा पालक आहे."

"वहिनी, नीट पाहा. मी रोज त्याच्या बाजूले बसत होतो."

"मी पण."

झालं. पुन्हा मिसळा, पुन्हा वाळवा. प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की दादाचा रंग हाच. सर म्हणाले, मतदान घेऊ. तीन माणसं, तीन मतं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी माझा डबा उचलला, मोठा ब्रश घेतला आणि कोणाला न विचारता ड्रायव्हरच्या दारावर सपासप मारला.

"अरे गाढवा," सर म्हणाले, "आता बाकीच्यांनी काय करायचं?"

बंडूभाऊंनी ते वाक्य संपूही दिलं नाही. त्यांनी आपला डबा घेऊन मागचं दार धरलं. सर आमच्याकडे पाहत उभे राहिले, मग बाह्या सरसावून बॉनेटकडे गेले. वहिनीने पदर खोचला, आमच्या तिघांच्या डब्यांतून थोडा थोडा रंग घेऊन एका वाटीत आपला वेगळाच बनवला आणि डिकी रंगवायला बसली. आई गाडीचा टप रंगवायला खुर्ची घेऊन आली. तिला कोणता रंग द्यायचा यावर पुन्हा भांडण. तिने हाताला येईल तो घेतला.

लांबून पाहिलं तर गाडी एका रंगाची दिसते. जवळ गेलं की बंडूभाऊंचं दार ओळखू येतं.

*

मागच्या आठवड्यात गाडी आष्टीला गेली. वहिनीच चालवत होती, मी शेजारी, मागे सर आणि बंडूभाऊ. आर्वीपर्यंत त्या दोघांचं एकच चाललं होतं, कोणाचा भाग जास्त जवळचा. वहिनी आरशात पाहून म्हणाली, "रस्ता पाहू द्या मले." मग दोघं झोपले.

दादाचा उरलेला डबा मी डिकीत ठेवला होता. वहिनीसाठी. कधी ओरखडा आला तर कोणत्या रंगाशी जुळवायचं ते तरी तिच्याजवळ राहावं म्हणून.

अप्पांचं घर गावाच्या कडेला आहे. समोर बारीक गजांचं बुटकं लोखंडी फाटक, चुन्यासारखं पांढरं. अप्पा बाहेरच उभे होते. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. बंडूभाऊंच्या दाराशी थोडं थांबले. मग वहिनीच्या खिडकीशी आले.

"पोरी, मी काय सांगतलं होतं?"

वहिनीने इंजिन बंद केलं नाही, ती खालीही उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

अप्पा माझ्याकडे वळले. "अमोल, गाडी बाहेरच राहू दे. उद्या पेंटर बोलावतो, पांढरी करतो. मंग आत घेऊ. आता तूच पाह्य, ह्या फाटकाले ही गाडी शोभते का?"

मी पाहिलं. खरंच शोभत नव्हती.

मी डिकी उघडली, दादाचा डबा काढला, स्क्रूड्रायव्हरने झाकण उचललं. ब्रश हातात घेऊन फाटकाशी गेलो.

"अरे, हे काय करून राह्यला तू?" अप्पा म्हणाले.

"अमोल," मागून सरांचा आवाज आला. गाडीचं दार उघडलं, सर पायातल्या चपला नीट करत उतरले. मला वाटलं, आता हे मला थांबवणार. ते जवळ आले, फाटकावर बोट फिरवून पाहिलं.

"आधी घास. जुन्यावर असाच मारलास तर पापुद्रे निघतील."

बंडूभाऊंनी खिशातून पॉलिश पेपर काढला. फाडून त्याचे तीन तुकडे केले.

आम्ही तिघांनी घासलं. मग मी रंग मारला. रंग फार नव्हता, आम्ही तो पुरवून पुरवून ओढत होतो. फाटकाचं एक दार झालं, दुसरंही होत आलं. गल्लीतली माणसं येऊन उभी राहिली. अप्पा हाताची घडी घालून बाजूला उभे होते. गाडी चालूच होती, वहिनी आत बसलेली. अॅम्बेसेडरचं इंजिन उभ्या उभ्या कसा आवाज करतं ते तुम्हाला माहीत आहे.

ब्रश कोरडा ओढायला लागला तेव्हा मी थांबलो. म्हटलं, "संपला."

अप्पा पुढे आले. फाटकाच्या दोन्ही दारांवरून नजर फिरवली.

"कडी राह्यली," ते म्हणाले.

मी डबा उलटा करून पाहिला. कडेला थोडा चिकटलेला होता. तो बोटाने काढला आणि फाटकाच्या कडीला लावला.